ऋषीच्या भाजीपासून भोगीच्या भाजीपर्यंत : बेळगाव भागातली पहिली परसबाग

घराभोवती थोडी जागा आहे, विकतच्या भाजीवरच्या फवाऱ्यांची धास्ती आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं म्हणणारं कुणी भेटलं की मी आधी पंचांग उघडायला सांगते. त्यात दोन दिवस शोधायचे. एक भाद्रपदातली ऋषिपंचमी, दुसरा संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा आपल्याकडे नेम. म्हणजे नांगराखालच्या शेतातलं काही नको. हाताने खणलेल्या, खुरप्याने भांगललेल्या परसातलंच हवं. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा सगळं एकाच पातेल्यात. भोगीला वांगं, पावटा, गाजर, ओला हरभरा, वाटाणा, वर तीळ आणि बाजरीची भाकरी. एक पातेलं पावसाळ्याचं, दुसरं हिवाळ्याचं. ही दोन पातेली आपल्या परसातल्या भाजीने भरायची एवढंच पहिल्या वर्षी ठरवा. काय लावायचं आणि कधी लावायचं, हे दोन्ही प्रश्न त्यातच सुटतात.

मे महिना : जागा बघा, पण डिसेंबरचं ऊन धरून

भाजीला रोज निदान सहा तास ऊन लागतं. हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या वर्षी फसले. घराच्या उत्तर अंगाला मोकळी जागा होती, मेमध्ये तिथं दिवसभर लख्ख ऊन. वाफे काढले, पावसाळ्यात भाजी बरी आली. नोव्हेंबरात घराची सावली वाफ्यांवर येऊन बसली ती संक्रांत झाली तरी उठली नाही. वांग्याची झाडं कमरेएवढी वाढली आणि वांगी आली चार.

कारण साधं आहे. आपल्या भागात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो. नंतर तो दक्षिणेकडे जातो आणि डिसेंबरात चांगलाच खाली उतरतो. तेव्हा उत्तरेकडची जागा पावसाळी वेलांना द्या आणि भोगीची भाजी घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवा. दक्षिणेला शेजाऱ्याची दुमजली भिंत असेल तर तिचीही सावली मोजा.

आकाराची हाव नको. दहा फूट बाय दहा फूट पुरे. गुंठाभर, म्हणजे १०८९ चौरस फूट, जागा असली तरी पहिल्या वर्षी तिच्या दहाव्या हिश्श्यातच काम करा. गुंठाभर खणून ऑगस्टच्या तणाला शरण गेलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

माती ओळखा

पश्चिमेला खानापूर, बेळगावकडे तांबडी माती. उत्तरेला आणि पूर्वेला चिकोडी, गोकाक, अथणीकडे काळी. नव्या लेआऊटमधल्या प्लॉटवर बहुतेक वेळा दोन्ही नसतात. तिथं मुरूम असतो आणि बांधकामाचा राडारोडा असतो.

काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घ्या, वरपर्यंत पाणी भरा, खळाखळा हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला जाते, पोयटा काही तासांत बसतो, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. सकाळी तीन थर दिसतात, त्यावरून आपली माती कळते.

तांबड्या मातीतून पाणी झरझर निघून जातं आणि जोराचा पाऊस असला की त्याबरोबर अन्नद्रव्यंही वाहून जातात. ती थोडी आंबट असते, म्हणून चुलीची राख वाफ्याला चार-पाच मुठी घातली तर मानवते. काळ्या मातीला राख नको. तिचं दुखणं वेगळं : ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते. ओल्या काळ्या मातीत पाय घालू नका, खणू तर नकाच, ढेकळं होऊन वर्षभर छळतात. दोन्ही मातींना औषध एकच, कुजलेलं खत. राडारोड्याच्या जागेवर दगड-सिमेंट वेचून काढा आणि वर फूटभर बाहेरची माती व खत यांचा थर द्या. त्याला पर्याय नाही.

खत : कच्चं शेण घालू नका

इथं जरा रेंगाळते, कारण नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथंच होतो.

गवळ्याकडून ट्रॉलीभर शेण आणून मी ते थेट वाफ्यात मिसळलं होतं. पंधरा दिवसांत रोपं एकेक करून माना टाकायला लागली. उपटून बघितलं तर मुळं खाल्लेली आणि मातीत बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. सासूबाई खानापूरकडच्या, त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "कच्चं शेण घातलंस की. हुमणी येईल नाहीतर काय मोती येतील?"

शेण निदान चार-सहा महिने कुजलेलं हवं. ओळख अशी : हातात घेतलं की भुसभुशीत, काळपट, शेणाचा वास अजिबात नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. दाबून बघा, ऊब लागली तर अजून कच्चं आहे. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, आपल्या जिल्ह्यात सहज मिळते, तिलाही हाच नियम. ताजी मळी आतून तापते आणि रोपं भाजून काढते.

घरचं खत करायचं तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा ढीग किंवा लाकडी पट्ट्यांची पेटी करा. एक बुट्टी ओला कचरा, त्यावर दोन बुट्ट्या कोरडा, असे थर लावत जा. ओलं म्हणजे भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उपटलेलं तण. कोरडं म्हणजे पालापाचोळा, भाताचं पिंजर, उसाचा पाला, फाडलेला पुठ्ठा. मधे मधे मूठभर जुनं खत टाका, त्यातले जीव काम सुरू करतात. ओलावा पिळलेल्या फडक्याएवढा हवा. घाण वास आला तर ओलं जास्त झालंय, कोरडं मिसळून ढीग उलथा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं पडलंय. दर पंधरा दिवसांनी उलथलंत तर तीनेक महिन्यांत खत तयार. जून ते सप्टेंबर ढिगावर पत्रा किंवा ताडपत्री हवीच, नाहीतर सगळं सत्त्व वाहून गटारात.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पाण्याबद्दल, सगळेच विचारतात. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे ते घराघरांत पोचलं. त्यांचं प्रमाण एकराला दोनशे लिटर असं असतं, त्याचा घरगुती हिशेब हा : वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर जिवंत माती. प्लास्टिकच्या बॅरलमध्ये सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांनी वापरायला घ्या आणि आठवड्याच्या आत संपवा. दहा पट पाण्यात मिसळून बुंध्यापाशी ओता. कच्ची खायची मेथी, कोथिंबीर, मुळा यांच्या पानांवर मात्र ते कधीही फवारू नका. शेण आहे ते, हे विसरून चालणार नाही. आणि जीवामृत घातलं म्हणून खत टाळता येत नाही. ते विरजणासारखं आहे, दूध आधी लागतं.

वाफे

रुंदी चार फुटांच्या आत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांबी तुमच्या मनाची. जुलैचा पाऊस लक्षात घेऊन वाफा जमिनीपेक्षा आठ इंच ते फूटभर उंच करा. काळी माती असेल तर फूटभरच. दोन वाफ्यांमधल्या पाटात पिंजर किंवा उसाचा पाला अंथरा, चिखल होत नाही. मृगाचा पाऊस पडायच्या आत दर चौरस फुटाला दोन-तीन ओंजळी कुजलेलं खत वरच्या सहा इंचांत मिसळून ठेवा.

जमीन नसेल तर गच्ची. मिरचीला बारा इंची कुंडी, वांगं आणि टोमॅटोला पंधरा ते अठरा इंची, पालेभाजीला सहा-आठ इंच खोल फळांचे क्रेट. माती, खत आणि कुजलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट सारख्या प्रमाणात. ओली माती फार जड होते, तेव्हा कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता खालच्या भिंतींच्या रेषेवर ठेवा.

बी घेताना

दुकानात पाकीट कन्नडमध्ये असतं आणि दुकानदारही घाईत कन्नडच बोलतो. तेवढी नावं पाठ करून ठेवा : बदनेकाय म्हणजे वांगं, बेंडेकाय भेंडी, हिरेकाय दोडका, हागलकाय कारलं, सवतेकाय काकडी, मेणसिनकाय मिरची, मूलंगी मुळा, सब्बसगी शेपू, पुंडी म्हणजे अंबाडी. माझ्या ओळखीत एकीने हिरेकाय समजून हागलकाय नेलं आणि तिच्या घरच्यांनी तीन महिने कारली खाल्ली.

होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या एका विभागाच्या, ठिकाणी कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र असतं, पण भाजीपाला आणि फळझाडं हा बागायत खात्याचा, म्हणजे तोटगारिके इलाख्याचा विषय. चौकशी तिथं करा. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का' नावाचे वाण आपल्या हवेत चांगले येतात. भेंडीत अर्का अनामिका, टोमॅटोत अर्का रक्षक. अर्का रक्षक संकरित आहे. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसाच टोमॅटो येत नाही. अनामिका सरळ वाण आहे, तिचं बी धरता येतं.

पाकिटावर तीन गोष्टी वाचा. मुदत, संकरित की सरळ वाण, आणि बियाला औषध चोळलंय का. गुलाबी-निळं रंगवलेलं बी म्हणजे औषध चोळलेलं. बिनरासायनिक बाग करायची तर ते नकोच. सगळ्यात उत्तम बी आठवड्याच्या बाजारात खेड्यातून येणाऱ्या बायकांकडे मिळतं. त्यांना भाजी घेता घेता विचारायचं, "मावशी, घरचं बी हाय काय?" पुढच्या बाजाराला पदराच्या गाठीतून काढून देतात.

जून : ऋषीची पेरणी

मृग निघतो ७-८ जूनला. एक-दोन चांगल्या सरी होऊन माती वीतभर ओली झाली की पेरा. वळवाच्या एका पावसावर हुरळून जाऊ नका.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. माठ, राजगिरा एवढं बारीक असतं की मूठभर वाळूत मिसळून वर भुरभुरायचं आणि हाताने थोपटायचं. भेंडी रात्रभर भिजवून फूटफूट अंतरावर. कारल्याचं बी कठीण, तेही रात्रभर भिजवा. दोडका, पडवळ, काकडी, भोपळा मांडवाच्या कडेला आळं करून, एका आळ्यात तीन बिया, उगवल्यावर सगळ्यात सशक्त रोप ठेवायचं आणि बाकीची कापायची. कापताना जीव तुटतो, पण कापा. अळूचा कंद कुठल्याही ओलसर कोपऱ्यात, नहाणीच्या पाण्याजवळ सुद्धा चालतो.

हिशेब बघा. माठ पंचवीस-तीस दिवसांत, काकडी आणि भेंडी पंचेचाळीस-पन्नासात, दोडका पन्नास-साठात. जूनच्या मध्याला पेरलेलं ऑगस्टच्या मध्यापासून तोडायला येतं आणि ऋषिपंचमी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात असते. माठ मात्र महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा पेरा. मेथी, कोथिंबीर भर पावसात सडते, तिला दसऱ्यापर्यंत थांबवा. टोमॅटोलाही. बाहेरगावाहून बेळगावात राहायला आलेले लोक जूनमध्ये हौसेने टोमॅटो लावतात आणि जुलैच्या रिपरिपीत करपा सगळी पानं काळी करून टाकतो. आपला पावसाळा म्हणजे नुसतं पाणी नसतं, सहा-सहा दिवस ऊन दिसत नाही. टोमॅटोला ते सोसत नाही. बटाट्याचं उलट. हिवाळ्यात लावायचं पीक म्हणून ते सगळीकडे ठाऊक, पण बेळगाव-धारवाडकडे शेतकरी बटाटा पावसाळ्यातच लावतात, आणि एखादी गोणी मातीने भरून करून बघायला हरकत नाही. रताळ्याचा वेल तर तांबड्या मातीत स्वतःच पसरतो.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं

जुलैअखेर हमखास प्रश्न येतो : वेल मांडवभर झालाय, फुलं खंडीभर, दोडका एक नाही. आधी हे समजून घ्या की वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बहुतेक नरच येतात, गळून जातात, काळजी नको. मादी फुलाच्या मागे देठाच्या जागी बोटाएवढा दोडका आधीच असतो, धारांसकट. त्याला पराग मिळाला नाही की तो पिवळा पडून गळतो.

पराग आणणार कोण? सततच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. मग ते काम आपण करायचं. दोडक्याचं फूल सकाळी नाही, संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला मांडवाखाली उभं राहिलं की मघाशी मिटलेल्या कळ्या अर्ध्या तासात पिवळ्याधमक होतात. एक नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा. एका नराने दोन-तीन माद्या होतात. दोन-तीन दिवसांनी तो बोटाएवढा दोडका खाली वळून फुगायला लागला की समजायचं, जमलं. दुधीचंही फूल संध्याकाळचं. लाल भोपळ्याचं मात्र पहाटेचं. उन्हं वर आली की मिटतं, त्याच्यासाठी चहाच्या आधी उठावं लागतं.

माझ्या मुलीला संध्याकाळचा अभ्यास चुकवायला हे काम फार आवडायचं. तिने लावलेले दोडके ती मोजून ठेवायची आणि ताटात आले की ओळखायचा आव आणायची.

सप्टेंबर-ऑक्टोबर : भोगीची पेरणी

गणपती बसतात तेव्हाच भोगीचं वांगं पेरायचं. वांग्याचं आणि टोमॅटोचं बी एका ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत टाका. वांग्याची रोपं तीस-पस्तीस दिवसांत, टोमॅटोची पंचवीस-तीस दिवसांत लावायला येतात. मिरचीला चाळीसेक दिवस. संकेश्वरची लांब मिरची आपल्याच हुक्केरी तालुक्यातली, तिचं घरचं बी मिळालं तर सोडू नका. लावणी संध्याकाळी करा, वांग्यात दोन-अडीच फूट, टोमॅटोत दोन, मिरचीत दीड फूट अंतर. नवख्याला ते फार वाटतं. दोन महिन्यांनी वाटणार नाही.

गाजराला नव्वद-शंभर दिवस लागतात, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी थेट वाफ्यातच पेरा. गाजर उपटून दुसरीकडे लावलं की फाटे फुटतात. माती भुसभुशीत नसेल तर गाजराऐवजी मुळा. वाटाणा आणि हरभरा हस्त सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. भात काढल्यावरच्या ओलीवर आपल्याकडे वाटाणा, मसूर, हरभरा करतात, तीच वेळ. नवलकोल आणि कोबी याच दिवसांत. साधारण ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावची थंडी त्यांना मानवते. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी हातभर ओळीत पेरत राहा, एकदम सगळा वाफा पेरला तर एकाच आठवड्यात दहा पेंड्या येतात आणि मग शेजारी दार उघडेनात.

पावट्याची गंमत वेगळी. गावरान पावटा दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, शेंगा दिवाळीनंतरच. म्हणून जुलैअखेर कुंपणाला दोन-चार बिया टोचा आणि विसरून जा. पावट्याला फूल येत नाही म्हणून सप्टेंबरात वेल उपटणारे उतावळे मी बघितलेत.

कीड : आधी हात, मग फवारा

रोज सकाळी दहा मिनिटं पानं उलटून बघायची सवय हे पहिलं औषध. वांग्याचा शेंडा सुकून वाकलेला दिसला की आत अळी आहे. छिद्राच्या खाली इंचभर कापून शेंडा जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मावा भेंडीवर, पावट्यावर येतो. पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी अर्धा निघतो. काकडी-कारल्याला फळमाशी डंख मारते, म्हणून फळ बोटभर झालं की जुन्या साडीच्या तुकड्याची किंवा कागदाची पिशवी बांधा. पावसाळी रात्री गोगलगायी निघतात, बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावा. फळं पोखरणारी अळी ज्या पतंगाची, त्याला अंडी घालायला झेंडू आवडतो. झेंडू टोमॅटोपेक्षा पंधरा-वीस दिवस आधी वाढलेला हवा, म्हणजे दोघांना फूल एकदम येतं.

एवढ्याने आवरलं नाही तर निंबोळी. मे-जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवा. पन्नास ग्रॅम गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. कडुलिंबाचं तेल असेल तर लिटरला पाच मिली आणि मिलीभर द्रव साबण. उन्हात मारलं तर पानं करपतात. बाजारातली निंबोळी पेंड मी एकदा आणली, पोत्यावर नाव शुद्ध सेंद्रिय, आत निम्मा भुसा. तेव्हापासून निंबोळ्याच गोळा करते.

तंबाखूच्या काढ्याबद्दल मात्र सावध. निपाणी पट्ट्यात तंबाखू हाताशी असतो, म्हणून त्याचा काढा फवारायचा सल्ला सर्रास मिळतो. निकोटीन हे विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. घरच्या भाजीवर ते मारून 'बिनविषारी' कसं म्हणायचं? त्यात तंबाखूतून केवडा (मोझॅक) रोगाचा विषाणू टोमॅटो, मिरचीवर येऊ शकतो. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना हात लावायचा नाही, आधी साबणाने हात धुवा. आमच्याकडे रोपं लावायला येणाऱ्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, पण आता आधी हौदावर जातात.

पाणी

पावसाळ्यात प्रश्न नाही. फेब्रुवारीपासून आहे, कारण नळाला रोज पाणी येतंच असं नाही. खानापूरला मातीची भांडी होतात. तिथलं भाजलेलं पण रोगण न लावलेलं, पाच-सहा लिटरचं गाडगं आणा, वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं आणि माती कोरडी असेल तेवढंच जास्त झिरपतं. भोवती चार मिरच्या किंवा एक भोपळा लावला तर तीन-चार दिवस बघावं लागत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बागेलाच जाऊ द्या. बुंध्याभोवती पिंजराचा चार बोटं थर हवाच, त्याने पाण्याची निम्मी कटकट मिटते.

ताटात

पालेभाजी सकाळी लवकर तोडा. भेंडी एक दिवसाआड, नाहीतर निबर. शेंडा बोटाने कटकन मोडला तर कोवळी. दोडका नखाने दाबून बघा.

घरची भाजी म्हणून न धुता खाऊ नका. तीन पाण्यांनी धुवा, मेथी-मुळ्यासारखी कच्ची खायची तर मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून परत धुवा. मग ज्वारीच्या भाकरीबरोबर कोवळी मेथी, कांदापात आणि मुळ्याचे काप, किंवा त्याच मेथीची शेंगदाण्याचा कूट घालून पचडी. अंबाडी शिजवून पिळून, तांदळाच्या कण्या आणि भरपूर लसूण घालून. नवलकोलाचा पाला टाकू नका, कोवळा असताना त्याची भाजी गड्ड्यापेक्षा बरी होते, निदान आमच्या घरी तरी तो आधी संपतो. ऋषीच्या भाजीत अळू असल्यामुळे चिंच हवीच, आणि पुरेसं शिजवा, नाहीतर घसा खाजतो.

एक धोक्याची गोष्ट. दुधी, काकडी किंवा दोडका चिरताना टोकाचा तुकडा चाखून बघा. कारल्यासारखा कडू लागला तर सगळं फळ फेकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. कष्टाची भाजी म्हणून मन घट्ट करून खायची नाही. कारल्याचा कडूपणा मात्र त्याचाच आहे, त्याला हा नियम नाही.

बी धरणं

सरळ वाणाच्या प्रत्येक भाजीचं एक चांगलं फळ सुरुवातीच्या बहरातलं निवडा आणि वेलावरच राहू द्या. दोडका वाळून तपकिरी झाला आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की उतरवा. भेंडीची शेंग तडकायच्या आत. वांगं पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत ठेवा, मग गर पाण्यात चोळून बी वेगळं करा. तळाला बसतं ते घ्या, तरंगतं ते टाका. सावलीत आठ दिवस वाळवून, चुलीच्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणीवर नाव, महिना लिहा. नंतर ओळखेन असं वाटतं, पण मेमध्ये कोबी आणि नवलकोल यांच्या बिया सारख्याच दिसतात.

आणि बियासाठी ठेवलेल्या फळाला लाल चिंधी बांधा, घरातल्या सगळ्यांना दाखवून. गेल्या वर्षी आमचा सगळ्यात देखणा दोडका मी महिनाभर जपला होता. पाहुणे आले, सासूबाई मांडवाखाली गेल्या, आणि तो रस्सा झाला. चव छान होती, त्याच म्हणाल्या.